कोकणातल्या घरासाठी नवा टीव्ही कसा निवडावा

दुकानात ओळीने लावलेल्या संचांपैकी डोळ्यांत भरेल तो उचलायचा, अशीच बहुतेकांची टीव्हीखरेदी होते. पण दुकानात एसी असतो, वीज स्थिर असते, उजेड ठरावीक असतो आणि पडद्यावर कंपनीने खास बनवलेली, अतिस्पष्ट चित्राची ४के क्लिप फिरत असते. आपल्या घरी मिरगापासून भिंतींना ओल असते, रात्री व्होल्टेज पडतं, मे महिन्यात आभाळ कडाडतं आणि दुपारभर खळ्यातला, म्हणजे अंगणातला उजेड थेट आत येतो. दुकानात दुसरा आलेला टीव्ही अशा घरात पहिला ठरू शकतो. म्हणून आधी घर नीट बघायचं आणि मग दुकानाची पायरी चढायची.

आधी टेप काढा

दोन मापं लागतात. पहिलं माप जागेचं. ३२ इंची टीव्ही साधारण ७२ सेंटिमीटर रुंद असतो, ४३ इंची ९६ आणि ५५ इंची १२३ सेंटिमीटरच्या आसपास. इंचांचा आकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा, तिरका असतो. जुन्या शोकेसचा टीव्हीचा कप्पा खोल असला तरी रुंदीला पुरत नाही, हे बऱ्याचदा टीव्ही घरात आल्यावर कळतं.

जुना डबा, म्हणजे काचेच्या नळीचा टीव्ही चौकोनी होता आणि नवा आडवा आहे, हेही ध्यानात घ्या. जुन्या २१ इंचीचं चित्र बारा-साडेबारा इंच उंच असायचं, ३२ इंची नव्याचं पावणेसोळा भरतं, म्हणजे बदल जाणवेल. २९ इंची डबा देऊन ३२ इंची आणलात तर उंची जवळपास तेवढीच राहील किंवा थोडी घटेल. त्या घरात ४३ इंचीच घ्यावा.

दुसरं माप बसण्याच्या अंतराचं. चांगल्या नजरेलाही एका मर्यादेपलीकडे पडद्यावरचे बारीक ठिपके वेगळे दिसत नाहीत. ३२ इंची एचडी रेडी, म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपक्यांच्या पडद्याला ही मर्यादा सुमारे सहा फुटांवर येते. ४३ इंची फुल एचडीला (१९२० बाय १०८०) साडेपाच फुटांच्या थोडी पुढे, ५५ इंची फुल एचडीला सात फुटांवर. घरातली माणसं आठ-दहा फुटांवर बसत असतील, तर ३२ इंचीत फुल एचडीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. ४३ आणि त्यापुढच्या मापांत आता बहुतेक संच ४केच मिळतात, तेव्हा तिथे हा प्रश्न उरत नाही.

किमतीपुरतं एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करासाठी ३२ वर थांबायचं कारण संपलं.

टीव्हीत काय येणार, ते पाहा

एवढ्या पैशांचा टीव्ही आणला तरी चित्र जुन्याहून धूसर दिसतं, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. बहुतेक वेळा टीव्ही ठीक असतो. जुना सेट-टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरीने तसाच जोडलेला असतो, आणि त्यातून येणारं कमी ठिपक्यांचं चित्र मोठ्या पडद्यावर ताणलं जातं. एचडी बॉक्स, एचडी वाहिन्यांचा पॅक आणि चित्र-आवाज एकाच वायरीने नेणारी एचडीएमआय केबल हे तिन्ही असेल तरच एचडी दिसतं. टीव्हीच्या खर्चातच हा खर्च धरा. डीडी फ्री डिशचा जुना एमपेग-२ बॉक्स एचडी देत नाही, आणि फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्याच आहेत. घरात फक्त फ्री डिश चालणार असेल तर फार मोठा पडदा घेऊ नका, त्यात दोष जास्त उघडे पडतात.

इंटरनेटवर पाहणार असाल तर एचडीला साधारण ५ एमबीपीएस वेग लागतो, ४केला १५ ते २५. तासाभराच्या एचडीला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाला दोन जीबी मिळणाऱ्या घरात एक सिनेमासुद्धा पुरा होणार नाही. वाडीत फायबर आलं नसेल तर स्मार्ट सोयींच्या यादीवर भाळू नका. पडदा चांगला घ्या आणि एचडीएमआयची किमान दोन-तीन तोंडं आहेत ना, ते बघा. पुढे जोडणी आली की इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक त्यात लावता येते. पडदा मात्र असा सहज बदलता येत नाही.

उजेड, कोन आणि आवाज

एलईडी आणि क्यूएलईडी हे दोन्ही मुळात एलसीडीच आहेत, फक्त मागून एलईडीचा प्रकाश असतो. क्यूएलईडीत रंग सुधारणारा जादा थर असतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरा काळा दिसतो. पण तो महाग असतो आणि एकच स्थिर चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग उमटू शकतो. दिवसभर बातम्यांची पट्टी चालू असणाऱ्या घराला मी तो सुचवणार नाही.

आपल्याकडे जास्त महत्त्वाचा भेद आयपीएस आणि व्हीए या एलसीडी पॅनेलच्या, म्हणजे पडद्याच्या दोन प्रकारांचा. व्हीएचं चित्र समोरून गडद आणि सुरेख दिसतं, बाजूला गेलं की फिकं पडतं. आयपीएस बाजूनेही जवळपास तसाच दिसतो. गणपतीत चाकरमानी आले की माणसं चटईवर, पाटावर, दाराच्या उंबऱ्यापर्यंत बसतात. अशा घराला आयपीएस बरा. दुकानदाराला पॅनेलचा प्रकार सांगता आला नाही तर स्वतः बाजूला जाऊन उभे राहा, मग खाली बसून बघा. पडदा चकचकीत असेल आणि टीव्हीसमोर उघडं दार येत असेल, तर दुपारी खळ्यातली तुळसच पडद्यात दिसेल. तिथे कमी चमकणारा पडदा घ्या.

पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. आषाढात कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस कोसळत असताना त्यांचा आवाज पुरत नाही. दुकानात आवाज मोठा करून ऐका, फाटतोय का ते बघा. एआरसी लिहिलेलं, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारं एचडीएमआयचं तोंड असेल तर साउंडबार (लांबट जादा स्पीकर) पुढे सहज जोडता येतो.

वीज: इथे हात आखडू नका

संचाच्या मागच्या पट्टीवर चालण्याचं व्होल्टेज छापलेलं असतं. बऱ्याच टीव्हींवर १०० ते २४० व्होल्ट दिसेल. असा टीव्ही कमी दाबातही चालतो, त्याला वेगळा स्टॅबिलायझर लागेलच असं नाही. खरा घात होतो तो गेलेली लाइट परत येताना बसणाऱ्या झटक्याने आणि विजांच्या गडगडाटात. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक वाढलेला दाब अडवणारं साधन हवं. साधा एक्स्टेंशन बोर्ड आणि सर्ज प्रोटेक्टर दिसायला सारखे असतात, काम वेगळं असतं. वेष्टन वाचूनच घ्या.

सर्ज प्रोटेक्टरला अर्थिंग धड लागतं. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल नसतो आणि उन्हाळ्यात सुकून जातो. नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा कडाडतात. टीव्ही घरात येण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मार्च ते मे खड्ड्यात पाणी घालत राहा.

जवळ वीज पडली तर कुठलाही प्रोटेक्टर पुरेसा नाही. गडगडाट ऐकू यायला लागला की प्लग काढा आणि त्यासोबत डिशची केबलही बॉक्समधून सोडवा. प्लग काढलेला टीव्ही जळतो तो याच केबलमुळे, कारण डिश छपरावर उघड्यावर असते आणि तिथून झटका बॉक्समार्गे थेट टीव्हीत येतो. इंटरनेटची तांब्याची केबल असेल तर तीही काढा. निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या वादळांनंतर किनाऱ्यावर कित्येक ठिकाणी वीज दिवसेंदिवस नव्हती. अशा वेळी पुरवठा परत आल्यावर तो स्थिर होईपर्यंत टीव्ही बंदच ठेवा.

जागा

पश्चिमेची, म्हणजे पावसाळ्यात जिच्या बाहेरून झापं किंवा प्लास्टिक बांधतो ती भिंत टीव्हीला देऊ नका. आतली, माजघराकडची भिंत निवडा. समुद्राकडच्या खिडकीसमोरही नको. खारा वारा आत शिरून सर्किटवर आणि केबलच्या टोकांवर गंज धरतो. भिंतीतला जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, साधे प्लास्टिक गट्टू त्यात ढिले होतात, म्हणून लांब अँकर वापरायला सांगा आणि दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात भोक पाडू देऊ नका. मातीची भिंत असेल तर सरळ टेबलावर ठेवा.

पावसाळ्यात रोज थोडा वेळ टीव्ही चालवा. आतल्या उबेने ओल निघून जाते. घर महिनोन्‌महिने कुलूपबंद राहणार असेल तर सगळ्या केबली काढून सुती कापड झाका. घट्ट प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते.

दुरुस्तीला कोण येणार?

कंपनीचा माणूस तुमच्या पिनकोडवर घरी येतो का, हे पैसे देण्याआधी कस्टमर केअरला फोन करून विचारा. मुंबईहून किंवा घाटावरून थोडा स्वस्त आणलेला टीव्ही बिघडल्यावर रत्नागिरी, चिपळूण नाहीतर कुडाळपर्यंत न्यावा लागला तर वाचलेले पैसे गाडीभाड्यात जातात. पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची, हे लेखी घ्या. फुटलेला पडदा आणि विजेने जळालेला संच वॉरंटीत सहसा बसत नाही. पडदा बदलायचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, तेव्हा गाडीत खोका उभाच ठेवा. खोका कंपनीच्या माणसासमोर उघडा, उघडताना मोबाइलवर चित्रण करा आणि बिलावरचा सिरीयल नंबर संचाशी ताडून बघा.

पहिल्या दिवशी

पिक्चर मोड व्हिव्हिड किंवा शॉपवर असेल तर स्टँडर्डवर आणा. डोळ्यांना आराम पडतो आणि वीजही कमी लागते. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय निवडा, नाहीतर एचडी बॉक्ससुद्धा साधं चित्र पाठवत राहतो. जुन्या वाहिन्यांवर माणसं जाडी दिसली तर चित्राचा आकार ४:३ वर ठेवा.

जुन्या डब्याचं काय?

जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. प्लग काढल्यावरही आतल्या नळीत घातक दाबाची वीज साठून राहते. म्हणून तो उघडू नका, फोडू नका, व्हाळात (ओढ्यात) किंवा खाडीकाठी टाकू नका. तांब्यासाठी नळीची मान मोडणाऱ्या भंगारवाल्यालाही देऊ नका. नव्याच्या खरेदीत एक्स्चेंज मिळत असेल तर तिथेच द्या. तसं नसेल तर कंपनीच्या ई-कचरा संकलनाची चौकशी करा. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. चालू स्थितीतला संच कुणाला देणार असाल तर त्याचा रिमोट आणि जुना बॉक्सही सोबत द्या.