गावातला गेमिंग पीसी: यादी सॉकेटपासून सुरू करा

गेमिंग पीसीचे पार्ट निवडायला बसलं की सगळे आधी ग्राफिक्स कार्डाचं नाव काढतात. शहरात ते चालून जातं. वऱ्हाडातल्या किंवा झाडीपट्टीतल्या गावात यादी उलटीकडून लिहायची असते: आधी घरातली वीज, मग पॉवर सप्लाय आणि यूपीएस, मग कार्ड आणि शेवटी बाकीचं. पॉवर सप्लायमध्ये दोन हजार वाचवले आणि त्याने कार्ड जाळलं, तर त्या बचतीला अर्थ उरत नाही.

म्हणून खरेदीआधी तीन-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर आणा. बटण एसी ७५० वर ठेवा आणि ज्या सॉकेटवर पीसी लागणार तिथे सकाळी, दुपारी आणि सांजच्याला सात ते दहाच्या मध्ये व्होल्टेज मोजा. चार-पाच दिवस तरी मोजा. जिथे शेतीचा फिडर (वीजवाहिनी) गावठाणापासून वेगळा झालेला नाही, तिथे हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत पुन्हा एकदा बघा, कारण पंप सुरू झाले की त्याच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) घरांचे बल्ब पिवळे पडतात. आकडा २१० ते २४० राहत असेल तर नशीबवान आहात. १८० ते २१० असेल तरी निभतं. रोज १८० च्या खाली जात असेल तर पुढचा मजकूर दोनदा वाचा.

त्याच मीटरने अर्थिंगही तपासून घ्या. फेज आणि अर्थच्या मध्ये जवळपास २३० दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थमध्ये भलतंच काही दिसलं, तर सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे. अशा घरात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखा झटका लागतो आणि लोक पॉवर सप्लाय खराब म्हणून परत पाठवतात. दोष त्याचा नसतो. पॉवर सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नसला की तो पत्रा पुरवठ्याच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण यूएसबी आणि हेडफोनमधून तो नको तिथे फिरतो.

आपल्याकडे अर्थिंगची आणखी एक अडचण आहे. काळ्या कसदार जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, मातीने पाइप सोडला की अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. वायरमनकडून खोल खड्डा, पाइप, कोळसा आणि मीठ असं रीतसर करून घ्या आणि मार्च ते जून आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओता. हे काम पीसी आणण्याआधी करायचं.

पॉवर सप्लाय: खोक्यावरचं नाही, लेबलवरचं वाचा

खोक्यावर मोठ्या अक्षरात ५५० वॉट लिहिलेलं असतं. तुम्ही बाजूच्या स्टिकरवरची एसी इनपुटची ओळ शोधा. तिथे १००–२४० लिहिलंय की २००–२४०, यावर गावातला सगळा खेळ आहे. १००–२४० वाला सप्लाय व्होल्टेज १५० ला आलं तरी जास्त करंट ओढून काम चालू ठेवतो. २००–२४० वाल्याची कमी व्होल्टेजला हमी नाही. ऐन मॅचमध्ये पीसी रिस्टार्ट होतो आणि शिव्या ग्राफिक्स ड्रायव्हरला बसतात. बजेटमधल्या बऱ्याच मॉडेलांवर २००–२४० हेच छापलेलं असतं, म्हणून स्टिकरचा फोटो मागवूनच ऑर्डर द्या. सोबत ॲक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून करंट सुरळीत ओढणारं सर्किट), ८० प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का) आणि किमान तीन वर्षांची वॉरंटी बघा. मागच्या बाजूला ११५/२३० चा लाल खटका असेल तर तो सप्लाय जुन्या धाटणीचा. तो घेऊ नका, आणि घरात असलाच तर व्होल्टेज कमी येतं म्हणून खटका ११५ वर करू नका. लाईन पूर्ण आली की आतला भाग फटाक्यासारखा उडतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा पॉवर सप्लाय दुकानातच सोडून या.

पुढे सुचवलेल्या सेटला गेम खेळताना साधारण सव्वादोनशे ते अडीचशे वॉट लागतात. त्याला चांगल्या कंपनीचा ५५० वॉट पुष्कळ झाला.

यूपीएस घेताना व्हीए (खोक्यावरचा मोठा आकडा) आणि वॉट (प्रत्यक्ष पेलणारा भार) यांची गल्लत करू नका. ६०० व्हीए म्हणजे बहुधा ३६० वॉटच. मॉनिटर आणि कार्डाचे क्षणिक झटके धरले तर तो काठावर बसतो. १००० व्हीए, ६०० वॉटचा लाइन-इंटरॅक्टिव्ह घ्या. व्होल्टेज खाली आलं की तो बॅटरीवर न जाता आतल्या ट्रान्सफॉर्मरने ते उचलून देतो. बहुतेक मॉडेल १४०-१४५ व्होल्टपर्यंत हे करतात, त्यामुळे वेगळ्या स्टॅबिलायझरचा खर्च वाचतो. बॅकअप दहा-पंधरा मिनिटांचा धरा, म्हणजे सेव्ह करून बंद करण्यापुरता.

एक अडचण आधीच माहीत असू द्या. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध साइन वेव्ह (लाईनसारखी गुळगुळीत लहर) देत नाही, आणि काही ॲक्टिव्ह पीएफसी सप्लायना त्याची खडबडीत लहर पचत नाही. लाईन गेली की यूपीएस सुरू, पण पीसी बंद! यूपीएस घेताना बदलून देण्याची बोली करा आणि पहिल्याच आठवड्यात गेम चालू असताना यूपीएसचा भिंतीवरचा प्लग काढून बघा.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइन वेव्हचा हवा आणि त्याचा खटका यूपीएस मोडवर हवा. साध्या मोडमध्ये लाईन बदलायला इतका वेळ जातो की पीसी रिस्टार्ट होऊ शकतो. पण यूपीएस मोडमध्ये बहुतेक इन्व्हर्टर साधारण १८० च्या खालची लाईन स्वीकारतच नाहीत. गावात लाईन असूनही संध्याकाळभर बॅटरी रिकामी होते, आणि खरी लाईन जाते तेव्हा पंखासुद्धा चालत नाही. १८० च्या खालच्या गावांनी म्हणूनच पीसीला वेगळा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस द्यावा.

प्रोसेसर, बोर्ड, रॅम

भाव आठवड्याला हलतात, तेव्हा रुपयांपेक्षा वाटे लक्षात ठेवा. मॉनिटर सोडून शंभर रुपयांतले पस्तीस कार्डाला, पंचवीस ते तीस प्रोसेसर-बोर्डाला, पंधरा पॉवर सप्लाय आणि यूपीएसला, उरलेल्यात रॅम, एसएसडी आणि कॅबिनेट. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी असे भडकले की जुने अंदाज कामाचे राहिले नाहीत. दुकानात पहिला भाव रॅमचाच विचारा, त्यावर बाकीची यादी ताणा किंवा आखडा.

१०८० पी (फुल एचडी) साठी रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड ही जोडी अजूनही पैसा वसूल आहे: सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट. हात आखडता असेल तर आय३-१२१००एफ आणि एच६१० बोर्ड. चार कोअर असले तरी व्हॅलोरंट, जीटीए ५ असल्या गेमना पुरतात. ‘एफ’वाल्या प्रोसेसरला आणि ५६०० लाही स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्डाशिवाय पडदा काळाच. जुन्या साठ्यातला बी४५० बोर्ड मिळाला तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) रायझन ५००० मालिकेसाठी अपडेट आहे का हे विचारा. नसेल तर दुकानातच करून घ्या.

पैसा हप्त्याने येणार असेल, म्हणजे आत्ता कपाशीचा आणि पुढे तुरीचा, तर ५६००जी चा विचार करा. त्यात कामापुरतं ग्राफिक्स आहे. हलके गेम आजपासून, कार्ड नंतर. पण त्याचा कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ५६०० च्या निम्मा, १६ एमबी आहे, त्यामुळे कार्ड लावल्यावर तो थोडा मागे पडतो. कार्ड तीन महिन्यांत येणारच असेल तर थांबा आणि ५६०० च घ्या.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर४ ३२००. एकच १६ ची पट्टी घेतली तर अर्धा रस्ता बंद राहतो, आणि ५६००जी वर तर तो फरक डोळ्याला दिसतो.

बाजारात ‘आय७ गेमिंग पीसी’ म्हणून फार स्वस्तात दिसतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा, २०११-१२ चा माल असतो, सोबत जीटी ७३०. त्यात टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही, विंडोज ११ ला तो अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतंच. आतले दिवे बघून भुलू नका.

कार्ड

आरएक्स ६६००, ८ जीबी, १३२ वॉट, एकच आठ-पिनी वायर. या बजेटात गावच्या विजेला आणि उन्हाला मानवणारं याहून बरं कार्ड सापडणं कठीण. आरटीएक्स ३०५० घ्यायचं ठरलं तर नावाला फसू नका: ८ जीबी आणि ६ जीबी हे दोन वेगळे जीव आहेत. ६ जीबीवालं ७० वॉटचं, कमी कोअरचं आहे. आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबीचं, आणि जुन्या पीसीआय ३ स्लॉटच्या बोर्डावर आणखी मंदावतं, सोडून द्या. सेकंडहँडमध्ये ‘आरएक्स ५८०’ म्हणून २०४८एसपी (२०४८ शेडर्सचा, कमी ताकदीचा) प्रकार खपवला जातो. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि शेडर्सचा (कार्डातल्या कोअरचा) आकडा बघा, आणि समोर वीस मिनिटं गेम चालवल्याशिवाय पैसे देऊ नका.

ऊन, कापूस आणि पाली

खोलीचं तापमान जेवढं वाढतं, साधारण तेवढंच कार्डाचंही वाढतं. डिसेंबरात २५ अंशाच्या खोलीत ६८ वर चालणारं कार्ड मे महिन्यात टिनाच्या खोलीत ४२ अंशाला ८५ च्या घरात जातं. ५६०० ची कमाल मर्यादाच ९० आहे, तिथे पोचला की तो स्वतः वेग कमी करतो. उन्हाळ्यात गेमचा फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधा. कार्डाचा वीजवापर आणि उष्णता दोन्ही उतरतात, आणि खेळात फारसं बिघडत नाही.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचंच घ्या. समोर काच असलेलं दिसायला झकास, आत भट्टी. पुढे दोन १२० मिमी पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की ती फटींतून बाहेर ढकलली जाते आणि धूळ फक्त जाळीतून येते. मागचा एकच पंखा असला तर प्रत्येक फटीतून धूळ ओढली जाते.

घरात कापूस साठवला असेल तर पीसी त्या खोलीत ठेवू नका. बोंडांचा बारीक तंतू जाळीवर पांघरुणासारखा बसतो, आणि जाळी नसेल तर हीटसिंकच्या पात्यांत नमदा तयार होतो. वरून पंखा फिरताना दिसतो, हवा मात्र जात नाही. वेचणीच्या दिवसांत दर तीन आठवड्यांनी आणि अंगणात थ्रेशर लागून कुटार उडालं की त्याच दिवशी जाळी झटका. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यात काडी अडकवा, नाहीतर तो उलटा गरगरून बेअरिंग जातं.

डेझर्ट कूलरचा झोत थेट पीसीवर नको. गार हवेसोबत पाण्याचे बारीक थेंब येतात, ते सुकले की क्षार उरतात. कॅबिनेट जमिनीपासून फूटभर वर ठेवा आणि मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या लावून टाका. पाली ऊब शोधत तिथूनच आत जातात, आणि बोर्डावर मेलेली पाल म्हणजे वॉरंटी गेली असं समजा. मृगाच्या गडगडाटात प्लग काढाच, आणि छतावरच्या अँटेनातून इंटरनेट येत असेल तर लॅनची वायरसुद्धा.

एसएसडी आणि इंटरनेट

शहरातला माणूस ५०० जीबीत भागवतो, कारण गेम उडवून पुन्हा उतरवणं त्याला सोपं आहे. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर शंभर जीबीचा गेम म्हणजे पन्नास दिवस. म्हणून इतरत्र काटकसर करा पण एनव्हीएमई एसएसडी १ टीबी घ्या. मित्राकडे गेम असेल तर दोन्ही पीसी एका राउटरला जोडा. २०२३ पासून स्टीम (गेम विकत घेऊन उतरवायचं ॲप) तो थेट दुसऱ्या पीसीतून उचलतं. पेन ड्राइव्हने आणायचा असेल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. स्वस्त बोर्डाला वायफाय नसतं; मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग केलं तरी सुरुवातीला काम भागतं.

आणणं आणि जोडणं

नागपुरात सीताबर्डीला घ्या की ऑनलाइन, प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर असलेलं पक्कं बिल हवंच. दुकानातून जोडून आणत असाल तर एसटीत बसण्याआधी कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवा. गावाकडच्या खड्ड्यांत लटकतं कार्ड स्लॉट तोडतं.

स्वतः जोडत असाल तर बोर्ड आधी त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर चालवून बघा, मग कॅबिनेटमध्ये बसवा. चार स्लॉटच्या बोर्डावर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. प्रोसेसरची आठ-पिनी वायर ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२ अशी. जोर लावून अदलाबदल करू नका. बोर्डाखाली जादा पितळी स्टँडऑफ (बोर्डाला आधार देणारा छोटा स्क्रू) राहिला तर शॉर्ट होतो. मॉनिटरची वायर कार्डालाच, बोर्डाला नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभर काहीच दिसलं नाही तरी थांबा, रॅमची जुळवाजुळव चालू असते. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) लावा आणि विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट वाढवा. १०० हर्ट्झचे मॉनिटर ६० वर चालवणारी घरं कमी नाहीत.

पीसी रिस्टार्ट होत असेल तर पार्ट बदलण्याआधी वेळ लिहून ठेवा. फक्त संध्याकाळी होतो तेव्हा व्होल्टेज मोजा. गेम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी होतो तेव्हा तापमान आणि जाळी बघा. लाईन गेल्याच्या क्षणी होतो तर यूपीएस आणि पॉवर सप्लायचं जमत नाही. आणि केव्हाही, कशाही वेळी होत असेल तर एकेक रॅमची पट्टी काढून दिवसभर चालवा.