परम्याची तपासणी: पुरुषाची वेगळी, बाईची वेगळी

परमा, म्हणजे गनोरिया हा शरीरसंबंधातून लागणारा आजार, रक्त तपासून कळत नाही. आमच्या साताऱ्याच्या लॅबमध्ये लोक बाही वर करूनच खुर्चीत बसतात. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (गरमीची, म्हणजे सिफिलिसची तपासणी) यांसाठी रक्त मी घेतेच, तेही या निमित्ताने करून घ्यावं. पण परम्यासाठी जिथे जंतू बसलाय तिथलाच नमुना लागतो, आणि तोही मेडिकलमधून गोळ्या आणून खाण्याआधी.

पुरुषाला पू येत असेल तर काम सोपं. लघवी केल्यावर निदान तासभर थांबून या. पुवाचा थेंब काचेवर पसरून ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतू दिसण्यासाठी रंग दिला, की पू-पेशींच्या पोटात जंतूंच्या गुलाबी-लाल जोड्या दिसतात, कोरेगावच्या घेवड्याचे दोन दाणे समोरासमोर टेकवावेत तशा. पेशीच्या आत दिसल्या तरच मी पॉझिटिव्ह लिहिते. बाहेर विखुरलेल्या धरत नाही. पू येणाऱ्या पुरुषांत ही साधी स्लाइड 100 पैकी 95 च्या आसपास रुग्ण पकडते, रिपोर्टही त्याच दिवशी. पू नसेल तर मात्र तिचा भरवसा धरू नका.

बाईची गोष्ट निराळी. गर्भाशयमुखाच्या स्लाइडवर जेमतेम निम्म्या रुग्ण सापडतात, कारण तिथे इतर जंतूंची गर्दी असते. त्यात कित्येक जणींना काही त्रासच होत नाही. नवऱ्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, बायकोची स्लाइड निगेटिव्ह, आणि घरात ठरतं, ‘हिला काही नाही.’ मला याचीच चीड येते. औषधाविना राहिलेला परमा गर्भनलिकांपर्यंत चढतो आणि पुढे मूल राहायला अडचण येते.

म्हणून बाईसाठी पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) मागा. योग्य नमुन्यावर तो 100 पैकी 90 हून जास्त रुग्ण पकडतो आणि खोटा पॉझिटिव्ह क्वचितच देतो. बाईने योनीमार्गाचा स्वॅब द्यावा. स्वतः घेतला तरी चालतो. तिच्या लघवीत काही केसेस निसटतात. पुरुषाला लघवी पुरते, पण सुरुवातीच्या धारेची, 20 ते 30 मिली. एरवी आम्हीच ‘मधली धार धरा’ म्हणतो ना, त्या सवयीने सुरुवातीची सोडून देतात आणि जंतू तिथेच वाहून जातो. मुखमैथुन किंवा गुदमैथुन झालं असेल तर लाज न बाळगता सांगा, त्या जागेचा वेगळा स्वॅब लागतो.

नेहमीच्या युरीन कल्चरवर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) ‘नो ग्रोथ’ आलं म्हणजे परमा नाही, असं नव्हे. हा जंतू चॉकलेट अगर किंवा थायर-मार्टिन अशा खास खाद्यावर, कार्बन डायऑक्साइड दिला तरच वाढतो. स्वॅब वाळला किंवा फ्रीजमध्ये ठेवला की मरतो. पण औषध लागू पडत नसेल तर कल्चर हवंच. कोणतं अँटिबायोटिक चालेल ते त्यावरूनच कळतं. औषध संपल्या संपल्या पीसीआर मात्र पुन्हा करू नका. मेलेल्या जंतूचा डीएनए काही दिवस रेंगाळतो आणि रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येतो.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक (अशा गुप्त आजारांचा सरकारी दवाखाना) गाठा, तपासणी आणि औषध मोफत. विचारायला 1097 हा टोल फ्री नंबर आहे. औषध जोडीने, एकाच वेळी घ्यायचं, आणि डॉक्टर सांगतील तोवर संबंध बंद. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर नको असेल तर नमुना देतानाच सांगा, बंद पाकिटात मिळतो.