सुटलेला टाका आधी बघायचा

विणकामाच्या पहिल्या वर्गाला मी अर्धवट विणलेला स्वेटर घेऊन गेले होते. वर्षभर व्हिडिओ बघून विणत होते. काखेपर्यंत पोचल्यावर दिसलं की सात-आठ ओळी खाली एक टाका सुटलाय. बाईंनी स्वेटर हातात घेतला तेव्हा वाटलं, आता त्या तो दुरुस्त करून देतील. त्यांनी तो उजेडाकडे धरून नीट पाहिला आणि मला परत दिला. म्हणाल्या, "हा टाका कुठून निघाला आणि कुठे जायला हवा होता, ते आधी सांग." मला सांगता आलं नाही. मला विणता येत होतं, पण विणलेलं वाचता येत नव्हतं.

त्या दिवशी स्वेटर पुढे सरकलाच नाही. बाईंनी वीस टाक्यांचा एक लहान तुकडा विणायला लावला आणि मग मधला एक टाका मुद्दाम सोडायला सांगितला. टाका खाली घरंगळत गेला की त्याच्या जागी शिडी दिसते. शिडीची प्रत्येक पायरी म्हणजे एका ओळीचा धागा. खालच्या फासात क्रोशाची सुई घालायची, वरची पायरी त्यातून ओढून घ्यायची, मग तिच्या वरची. सुलट बाजूने पायरी फासाच्या मागे असते, उलट बाजूने पुढे. हे मी दहा-बारा वेळा केलं. त्यानंतर टाका सुटला म्हणून मी कधी घाबरले नाही, आणि दोन ओळींपूर्वीच्या चुकीसाठी अख्खं काम उसवलंही नाही.

नव्याने शिकणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी लक्षात घ्यावं असं मला वाटतं. व्हिडिओ हातांच्या हालचाली उत्तम दाखवतो, पण त्याला तुमचे हात दिसत नाहीत. माझंच उदाहरण सांगते. एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट असं विणलं तरी माझं कापड किंचित घट्ट आणि तिरकं यायचं. वर्षभर मी लोकरीला दोष देत होते. बाईंनी माझ्या सुईवरचे टाके पाहिले आणि कारण सांगितलं. सुईवरच्या प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढे, एक मागे. मी उलट टाका घेताना धागा नेहमीच्या विरुद्ध दिशेने गुंडाळत होते, त्यामुळे माझे टाके सुईवर उलट्या बाजूने बसत होते. पुढच्या सुईला मी ते पुढच्याच पायातून विणायची आणि टाका पिळला जायचा. "तुझी पद्धत चुकीची नाही," त्या म्हणाल्या. "अशाही पद्धतीने विणणारे भरपूर आहेत. फक्त सुलट टाका मागच्या पायातून घे." माझी सवय त्यांनी मोडली नाही, एवढी एकच गोष्ट बदलली. कमी अनुभवाच्या शिक्षिकेने बहुधा मला पहिल्यापासून शिकवायला घेतलं असतं.

दुसरा मोठा धडा मापाचा. नमुन्याचा तुकडा, म्हणजे माप बघण्यासाठी आधी विणायचा छोटा तुकडा, विणायचा मला मनापासून कंटाळा होता. बाईंनी फळ्यावर एक हिशेब मांडला. छातीचा घेर १०० सेंटीमीटर हवा आहे आणि छापील नमुन्यात १० सेंटीमीटरला २२ टाके दिले आहेत, म्हणजे २२० टाके घालायचे. पण तुमचा हात सैल असेल आणि १० सेंटीमीटरमध्ये २०च टाके बसत असतील, तर त्याच २२० टाक्यांचा घेर ११० सेंटीमीटर होतो. दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर दहा सेंटीमीटरने मोठा! गेल्या शतकातल्या नामवंत विणकाम-शिक्षिका एलिझाबेथ झिमरमन यांनी अख्ख्या स्वेटरचं गणित याच पायावर उभं केलं होतं. छातीच्या घेराचे टाके म्हणजे शंभर टक्के धरायचे, आणि बाही, मनगट, गळा हे सगळं त्याच्या टक्केवारीत काढायचं. हे समजल्यावर छापील नमुन्यावरचं माझं अवलंबून राहणं खूप कमी झालं. तुकडा किमान १५ सेंटीमीटर रुंद विणा, धुवा, वाळवा आणि मधले १० सेंटीमीटर मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते नेहमी वेगळे येतात.

सुया मिलिमीटरमध्येच मागा. जुन्या ब्रिटिश क्रमांकाची ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते आणि अमेरिकी ८ नंबरची ५ मिलिमीटरची.

क्रोशे मी नंतर शिकले. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, ज्यांना सुया हातात धरायचीच भीती वाटते त्यांनी क्रोशेपासून सुरुवात करावी. सुयांवर शंभर टाके एकाच वेळी उघडे असतात, क्रोशेत एका वेळी एकच फास उघडा असतो. सुई निसटली तरी फार तर तेवढा एक फास उसवतो. क्रोशेच्या ताईंनी साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब एवढे मूळ टाके पहिल्या दोन वर्गांत शिकवले आणि मग लगेच कडांवर आल्या. नवशिक्यांचा चौकोन हळूहळू त्रिकोण होतो तो कडांमुळेच. खांबांच्या ओळीत वळताना घातलेल्या तीन साखळ्या हाच पहिला खांब धरला जातो. म्हणून पुढचा खांब दुसऱ्या टाक्यात घ्यायचा आणि ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीतल्या त्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर घ्यायचा. तो माथा टाका असल्यासारखा दिसत नाही, म्हणून सुटतो आणि दर ओळीला एक खांब कमी होतो. ताईंनी प्रत्येक माथ्यावर रंगीत दोऱ्याची खूण बांधायला लावली. तीन दिवसांनी खुणेची गरज उरली नाही.

इंग्रजी नमुने वाचताना आणखी एक घोळ होतो. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकी पद्धतीत सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. म्हणून नमुना हातात आला की तो कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी शोधा. मी स्वतः प्रत्येक नमुन्याच्या समासात 'मुका खांब', 'खांब' असं आपल्या भाषेत लिहून घेते, म्हणजे पुढे शंका राहत नाही.

मला क्रोशेची खरी गोडी लागली ती गोलामुळे. सहा मुक्या खांबांनी सुरुवात करायची आणि दर फेरीला सहा वाढवायचे: ६, १२, १८, २४. असं केलं की गोल सपाट राहतो. वाढ कमी केली तर वाटी होते, जास्त केली तर झालर. ताई म्हणायच्या, पाठ करू नका, कापडाकडे बघा, तेच सांगेल कमी पडतंय की जास्त होतंय. या झालरीचाच उपयोग करून गणितज्ञ डाइना ताइमिना यांनी १९९७मध्ये हायपरबोलिक पृष्ठभागाची, म्हणजे सगळीकडे झालरीसारख्या वळत जाणाऱ्या पृष्ठभागाची, क्रोशेची प्रतिकृती केली. कागदावर चित्र काढून जे समजावणं अवघड जातं, ते त्यांच्या विद्यार्थ्यांना हातात धरून बघता आलं. हे ऐकल्यापासून झालर आली की मी ती लगेच उसवत नाही, थोडा वेळ बघते.

डावखुऱ्या मंडळींसाठी एक सूचना. शिक्षक उजव्या हाताने काम करणारे असतील तर त्यांच्या शेजारी बसू नका, समोर बसा. आरशात बघितल्यासारखं दिसतं आणि हालचाल उचलता येते.

विणकाम, क्रोशे, सूतकताई आणि फेल्टिंग अशा चार कला मी शिकले. त्यांत सर्वाधिक संयम मला सूतकताईत लागला, आणि सर्वाधिक शिकवलंही तिनेच. आमच्या सरांनी पहिल्या वर्गात टकळी हातात दिलीच नाही. फक्त लोकरीची पट्टी दिली आणि दोन्ही हातांनी ती सावकाश ओढायला सांगितलं. मी घट्ट धरून जोर लावत होते, पट्टी हलत नव्हती. सरांनी माझे हात थोडे दूर नेले आणि तीच पट्टी सहज सरकली. कारण साधं आहे. प्रत्येक तंतूला स्वतःची लांबी असते. मेरिनो लोकरीचे तंतू साधारण ७ ते १० सेंटीमीटर असतात. दोन हातांमधलं अंतर त्याहून कमी असेल, तर एकाच तंतूची दोन टोकं तुम्ही दोन हातांनी धरून बसता. मग कितीही ओढा, तंतू एकमेकांवरून सरकणार कसे? कापसाचे तंतू यापेक्षा पुष्कळ आखूड, साधारण अडीच-तीन सेंटीमीटरचे, म्हणून नवशिक्याने लोंबत्या टकळीवर कापसाने सुरुवात करू नये. मध्यम लांबीची, फार गुळगुळीत नसलेली लोकर घ्यावी आणि टकळी ३० ते ४० ग्रॅमची असावी.

दुसऱ्या वर्गात टकळी आली, पण फिरती नाही. टकळीला पीळ द्यायचा, ती गुडघ्यांत धरून थांबवायची आणि साठलेला पीळ हळूहळू ताणलेल्या तंतूंत जाऊ द्यायचा. फिरवणं आणि ताणणं ही दोन कामं वेगळी केली की हातांना उसंत मिळते. ती दोन्ही एकत्र कधी जमू लागली ते मला कळलंही नाही. सरांचा आग्रह एवढाच होता की रोज दहा मिनिटं कातायचं. आठवड्यातून एकदा दोन तास बसणाऱ्यांपेक्षा रोज दहा मिनिटं कातणाऱ्यांचं सूत लवकर सारखं झालं, हे मी आमच्याच वर्गात पाहिलं.

मग पदर. एकेरी सूत उजवीकडे पीळ देऊन काततात आणि दोन पदर एकत्र करताना पीळ डावीकडे देतात. उलट्या पिळामुळे एकेरी सुताचा ताण सैलावतो आणि दुपदरी धागा शांत होतो. झाला की नाही हे बघायला धाग्याचा फास सैल लोंबता सोडायचा. तो स्वतःभोवती गुंडाळला गेला नाही, तर पीळ जुळला. शेवटी लडी कोमट पाण्यात भिजवायची, चोळायची नाही, आणि लोंबती वाळवायची.

इथे मला माझ्या पहिल्या स्वेटरचं उत्तर मिळालं. त्याच्या कोपरांवर महिन्याभरात लोकरीच्या गोळ्या आल्या होत्या. ती लोकर एकपदरी आणि अगदी सैल पिळाची होती. अशा धाग्यातले तंतू घट्ट धरलेले नसतात, घासलं की बाहेर येतात आणि गोळा होतात. दुकानात मऊ लागली म्हणून मी ती घेतली होती. आता लोकर घेताना मी आधी धाग्याचं टोक उलगडून पदर मोजते, पीळ बघते. म्हणून मनापासून सांगते, सूत काढायची आवड नसली तरी विणणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी टकळीवर दहा-वीस ग्रॅम लोकर कातावी.

फेल्टिंग, म्हणजे नमदा करण्याची कला, मी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी दिवस शिकले. तत्त्व एका वाक्यात सांगता येतं. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात, आणि गरम साबणपाणी व घर्षण मिळालं की तंतू एकमेकांत अडकत जातात ते कायमचेच. मी हे वर्गात जाण्याआधी वाचलं होतं, तरी घरी केलेली पिशवी काही आटली नाही. शिक्षिकांनी वेष्टनावरचा एक शब्द दाखवला: सुपरवॉश. या लोकरीचे खवले यंत्रात धुता यावी म्हणून रसायनांनी बोथट केलेले किंवा झाकलेले असतात. तिचा नमदा होत नाही.

ओल्या पद्धतीत पातळ थर एकमेकांना आडवे-उभे रचायचे, आधी हलक्या हाताने चोळायचं आणि मग गुंडाळून लाटायचं. घाई केली की घड्या पडतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. काम साधारण एक तृतीयांश आटतं, म्हणून साचा मोठा घ्यायचा. तयार झालं का ते चिमटीने ओळखायचं. चिमटीत फक्त वरचे तंतू आले तर अजून चोळा, अख्खा थर उचलला गेला तर झालं. सुईच्या पद्धतीत दातेरी सुई असते. ३६ क्रमांकाची जाड, ४०ची बारीक, आणि सुरुवातीला ३८ची पुरेशी होते. सुई ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर काढायची, नाहीतर मोडते. अल्ताय पर्वतातल्या पाझिरिक इथल्या थडग्यांत दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे नमद्याचे हंस सापडले, ते आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. त्यांची छायाचित्रं जरूर बघा.

शिक्षक कसे निवडावे, हे मला बरेच जण विचारतात. जमल्यास आधी एक वर्ग नुसता बघा. शिकणाऱ्याच्या हातातून काम घेऊन स्वतःच पुढे विणणारे शिक्षक टाळा, त्या वेळी कितीही बरं वाटलं तरी. एकच गोष्ट दोन-तीन प्रकारे समजावणारे, धागा डाव्या हातात धरणाऱ्यालाही आणि उजव्या हातात धरणाऱ्यालाही शिकवू शकणारे, आणि मनगट दुखतंय म्हटल्यावर काम थांबवायला लावणारे शिक्षक मिळाले तर त्यांना सोडू नका. वर्ग सहा-आठ जणांहून मोठा असेल तर प्रत्येकाच्या हातांकडे बघायला कुणालाच वेळ मिळत नाही.

पुढे शिकवायचा विचार असेल तर प्रमाणपत्रांचेही मार्ग आहेत. अमेरिकेतल्या द निटिंग गिल्ड असोसिएशनचा मास्टर हँड निटिंग हा अभ्यासक्रम तीन स्तरांचा आहे. त्यात विणलेले नमुने आणि लेखी उत्तरं पाठवायची असतात, आणि परीक्षक एकेक टाका तपासून अभिप्राय देतात. हँडवीव्हर्स गिल्ड ऑफ अमेरिकाचं सूतकताईसाठी वेगळं प्रमाणपत्र आहे. नमद्यासाठी १९८४मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल फेल्टमेकर्स असोसिएशन आहे. पण प्रमाणपत्राआधी एखाद्या अनुभवी शिक्षिकेच्या नवशिक्यांच्या वर्गात मदतनीस म्हणून एक हंगाम काढा. मी काढला, आणि दुसऱ्यांच्या चुका वाचताना माझ्या नजरेला जेवढं वळण लागलं तेवढं स्वतःच्या कामातून लागलं नव्हतं.

पहिल्या वर्गाला जाताना फिकट रंगाची, मध्यम जाडीची, साधी पीळदार लोकर न्या. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसत नाहीत. सोबत एक वही ठेवा. प्रत्येक नमुन्याच्या तुकड्याला चिठ्ठी टाचा: लोकरीचं नाव, पदर, सुईचं माप मिलिमीटरमध्ये, धुण्याआधीचे आणि धुतल्यानंतरचे टाके. फसलेले तुकडेही त्याच वहीत ठेवा आणि कुठे फसलं ते शेजारी लिहा.