हार्ट फेल्युअरचा पेशंट पुन्हा ॲडमिट होतोय? या चुका टाळा

हार्ट फेल्युअरमध्ये हृदयाचा पंप कमी पडतो आणि अंगात पाणी साठतं. पायांवरची सूज उतरली, दम कमी झाला, की डिस्चार्जची घाई सुरू होते. पहिली चूक इथेच. पाय बारीक दिसले तरी फुप्फुसात पाणी शिल्लक असू शकतं. लघवीच्या इंजेक्शनवरून गोळीवर आणल्यावर लघवी पुरेशी होते का, आडवं झोपल्यावर दम लागतो का, हे बघितल्याशिवाय सोडू नका. आणि निघतानाचं वजन कार्डावर ठळक लिहा. ते नसेल तर घरचं वजन ताडून बघायचं कशाशी?

रोज वजन करा, हे सगळेच सांगतात. सकाळी, लघवी करून, काही खाण्याआधी करायचं, हे निम्म्यांना माहीत नसतं. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ते पाणी समजून त्याच दिवशी फोन करायचा. पण कुणाला? डॉक्टर ओपीडीत, सिस्टरची ड्यूटी बदललेली, फाईलवर नंबर रिसेप्शनचा! एका ठरावीक नर्सचा नंबर द्या, आणि लघवीच्या गोळीचा डोस तिने किती वाढवायचा हे डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवा. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत नर्स, आहारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांनी मिळून सत्तरीपुढच्या पेशंटकडे लक्ष ठेवलं, तर हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती होण्याचं प्रमाण ९० दिवसांत निम्म्याहून खाली आलं.

औषधांचा घोळ फार्मासिस्टच पकडतो, म्हणून घरातल्या जुन्या गोळ्यांची पिशवी त्याच्यासमोर रिकामी करायला सांगा. एकच औषध दोन ब्रँडनावांनी चालू असतं. गुडघ्यांसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक निघतं. ते अंगात मीठ-पाणी अडवतं. 'लो सोडियम' मिठात बहुधा पोटॅशियम असतं, सोबत स्पायरोनोलॅक्टोन (अंगात पोटॅशियम रोखून धरणारी गोळी) असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतं.

'महिन्याने दाखवा' हे वाक्य मला सगळ्यात महागात पडणारं वाटतं. पहिली भेट एक ते दोन आठवड्यांत हवी, कारण औषधं सुरुवातीच्या छोट्या डोसवरच अडकून पडतात. २०२२च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत वारंवार तपासत दोन आठवड्यांत डोस पूर्ण केले. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती हे प्रमाण नेहमीच्या उपचारांतल्या सुमारे २३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) जरासं वाढलं की औषध बंद, हीही सवय सोडा. बंद करावंच लागलं, तर पुन्हा कधी आणि कोण सुरू करणार हे त्याच कागदावर लिहा.