पालिका निवडणुकीत एलजीबीटीक्यू मतदार आणि कार्यकर्ते जोडताना या चुका टाळा

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद स्त्री किंवा पुरुष या रकान्यांत न होता 'इतर' अशी झाली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या मतदारयादीत तृतीयपंथी म्हणून नोंदलेले मतदार होते जेमतेम सहा हजार. जनगणनेच्या आकड्यात लहान मुलेही आहेत, आणि बऱ्याच जणांची नावे यादीत स्त्री किंवा पुरुष म्हणून असतात. हे सगळे धरले तरी दरी मोठी उरते. समलिंगी आणि उभयलिंगी मतदारांना तर यादीत वेगळा रकानाच नाही. म्हणजे ज्यांना जोडायचे त्यातले बहुतेक जण कागदावर ओळखूच येत नाहीत, आणि ते तसेच असायला हवे. प्रचारातल्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

निवडणूक जाहीर झाल्यावर कामाला लागणे

सर्वात महागात पडणारी चूक हीच. स्थानिक निवडणुकीची वेगळी मतदारनोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांत विभागतो. जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या महापालिका निवडणुकांसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. ऑगस्टमध्ये उत्साहाने भरलेला अर्ज मंजूर झाला, ओळखपत्रही हातात आले, तरी जानेवारीत केंद्रावर नाव नव्हते.

प्रारूप प्रभाग यादीवर हरकती मागवतात तेव्हा नवे नाव घालता येते, असा समज सर्रास आढळतो. तसे होत नाही. त्या टप्प्यावर फक्त विभागणीतल्या चुका दुरुस्त होतात: नाव दुसऱ्याच प्रभागात गेले, विधानसभेच्या यादीत आहे पण प्रभागाच्या यादीत गळले, किंवा लेखनिकाची चूक झाली. म्हणून नोंदणीचे काम निवडणुकीच्या आधी किमान सहा-आठ महिने सुरू व्हायला हवे. १८ वर्षे पूर्ण झाल्याची पात्रता आता वर्षातून चार तारखांना मोजतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.

मोर्चात किंवा प्राइडमध्ये टेबल टाकून नोंदणी करणे वाईट नाही, पण तिथे आलेले लोक दहा शहरांतले असतात. पुण्यात राहणाऱ्या मुलाचे नाव लातूरला असते. त्याला पहिला प्रश्न 'कुणाला मत देणार' हा नको. 'तुमचे नाव कुठल्या यादीत आहे' हा हवा. यादी मतदारयादीतल्या भाग क्रमांकानुसार लावा, नाहीतर चारशे फोन नंबर जमतात आणि आपल्या प्रभागातले अकरा निघतात.

जुने नाव गावात ठेवून शहरात नवा अर्ज भरणे

घर सोडून आलेल्या तृतीयपंथी व्यक्तीचे जुने नाव गावच्या यादीत असते. शहरात कार्यकर्ता चांगल्या हेतूने नमुना ६ भरून देतो, नव्या नावाने. पण नमुना ६ हा पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यासाठी आहे. आपले नाव दुसरीकडे कुठेही नाही, असे त्यात लिहून द्यावे लागते. खोटे लिहून देणे गुन्हा आहे, आणि तो गुन्हा अर्जदाराच्या माथी बसतो, कार्यकर्त्याच्या नाही. शिवाय दुबार नाव म्हणून खूण लागली की मतदानाच्या दिवशी हमीपत्र आणि वाद.

योग्य अर्ज नमुना ८. स्थलांतर, नाव, लिंग, छायाचित्र या सगळ्या दुरुस्त्या त्यातच होतात. बदलाचा पुरावा सोबत जोडावा लागतो. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारे ओळख प्रमाणपत्र इथे उपयोगी पडते. ते आधी, मग आधार, मग नमुना ८ असा क्रम ठेवला तर फेऱ्या वाचतात. छायाचित्र बदलायला मात्र विसरू नका. केंद्रावर अडवले जाते ते बहुतेकदा नावावरून नाही, चेहऱ्यावरून.

नातेवाईक आणि पत्ता या रकान्यांपाशी अर्ज सोडून देणे

'वडिलांचे नाव सांगायचे नाही, मग कसे भरायचे?' इथे कित्येक अर्ज थांबतात. नमुना ६ मध्ये नातेवाईकाच्या जागी तृतीयपंथी मतदाराला गुरूचे, म्हणजे समाजात आपल्याला शिष्य म्हणून घेणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे नाव देण्याची सोय आहे. बऱ्याच कार्यकर्त्यांना, कधी पडताळणी करणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यालाही (बीएलओ), हे माहीत नसते. अर्जावरची ती ओळ बोटाने दाखवावी.

पत्त्याचा पुरावा नसेल तरी वाट बंद होत नाही. बेघर मतदाराच्या बाबतीत केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन ती व्यक्ती तिथे खरोखर झोपते का, हे पाहतो. त्यामुळे अर्जात लिहिलेली जागा आणि रात्री झोपण्याची जागा एकच हवी. अधिकारी येणार त्या दिवसांत परगावी बधाईला (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन दक्षिणा घ्यायला) गेले तर पडताळणी होत नाही, म्हणून भेटीचा अंदाज आधी घ्या. अडचण आली तर १९५० ही मतदार मदतवाहिनी आहे.

लिंगाच्या रकान्यात काय लिहायचे ते आपणच ठरवणे

'तृतीयपंथी लिहा, आपला आकडा वाढेल' असे सांगणारे भेटतात. असे सांगू नका. मतदारयादी सार्वजनिक असते. ती प्रत्येक पक्षाच्या शाखेत, प्रत्येक उमेदवाराच्या टेबलावर जाते आणि त्यात लिंग छापलेले असते. ज्या ट्रान्स स्त्रीला घरमालक फक्त स्त्री म्हणून ओळखतो, तिच्यासाठी ती एक नोंद म्हणजे घर जाण्याचा धोका. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीलाच दिला आहे. यादी सगळ्यांना दिसते हे तिला स्पष्ट सांगा, मग ती सांगेल ते लिहा. घरच्यांसोबत राहणाऱ्या व्यक्तीला हेही सांगा की पडताळणीला अधिकारी घरी येईल आणि दार आई किंवा भाऊ उघडू शकतो.

यालाच लागून दुसरी चूक. छापील यादीतले 'इतर' निवडून काढायचे आणि कॅमेरा घेऊन थेट त्यांच्या दारात जायचे. शेजारी पाहतात, मुले गोळा होतात, आणि ते दार पुन्हा कधी उघडत नाही. ओळखीच्या माणसाकरवी निरोप द्यावा, भेट बाहेर घ्यावी.

आरोग्य प्रकल्पाची यादी प्रचाराला वापरणे

हे कुठल्याही परिस्थितीत करू नये. एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पांत काम करणारे अनेक जण चळवळीतही असतात. त्यांच्याकडे शेकडो लोकांची नावे, नंबर आणि ठिकाणे असतात. निवडणुकीच्या घाईत 'एवढी यादी दे ना' असे कुणीतरी म्हणतेच. ती यादी लोकांनी तपासणीसाठी विश्वासाने दिलेली आहे, आणि एचआयव्हीसंबंधी माहितीची गोपनीयता २०१७ च्या कायद्याने बांधलेली आहे. एका प्रचाराच्या फोनमुळे लोक तपासणीला येणे बंद करतात. ते नुकसान पाच वर्षांत भरून निघत नाही.

परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेने पक्षाच्या प्रचारात उतरणे हा आणखी वेगळा धोका. संस्थेचे कर्मचारी आपल्या सुट्टीत, आपल्या नावावर, आपल्या फोनवरून काम करू शकतात. संस्थेचे कार्यालय, गाडी, लेटरहेड वापरू नये.

सगळ्यांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकणे

ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. कार्यालयातल्या सहकाऱ्याने पाहिले तर? ब्रॉडकास्ट यादी वापरा. एका यादीत २५६ जण मावतात आणि कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. पण ज्याने आपला नंबर जतन केलेला नाही त्याला निरोप पोहोचतच नाही, आणि 'मेसेज पाठवला होता, कुणी आले नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असते. पहिल्या भेटीतच नंबर जतन करून घ्या. यादीचे नाव साधे ठेवा, 'प्रभाग १२ मित्र' इतपत. डेटिंग ॲपवर प्रचाराचे संदेश टाकू नयेत. लोक चिडतात आणि खाते बंद होते.

डेऱ्यात चुकीच्या वेळी, चुकीच्या वाटेने शिरणे

डेरा म्हणजे गुरू आणि त्यांचे चेले (शिष्य) एकत्र राहतात ते घर. तिथे आधी नायक, म्हणजे प्रमुख, किंवा गुरू यांना भेटावे, मग चेल्यांना. ही रीत आहे, ती पाळावी. पण गुरूने होकार दिला म्हणजे पन्नास मते खिशात, हा हिशेब चुकतो. मत गुप्त असते, आणि तरुण चेल्यांचे प्रश्न वेगळे असतात: भाडे, पोलिसांचा त्रास, शिक्षण. त्यांच्याशी स्वतंत्र बोलणे झाले पाहिजे.

वेळही पाहावी. मंगतीला, म्हणजे पैसे मागायला जाणारे सकाळी बाहेर पडतात, रात्री उशिरा काम करणारे दुपारपर्यंत झोपलेले असतात. दुपारी तीन ते पाच ही बहुतेक ठिकाणी बरी वेळ. कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यात जोगत्यांची (यल्लम्मा देवीला वाहिलेल्यांची) पंचांग पाहून गाठ घ्यावी लागते. २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदांचे मतदान होते आणि ४ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे कर्नाटकातल्या सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा. अशा वेळी 'मत देऊन मग निघा' हे पंधरा दिवस आधी बोलून ठेवायचे असते, आदल्या दिवशी नाही. टपाली मतदानाची सोय यात्रेकरूंना नाही.

साड्या, रोख, किराणा वाटणे हा लाच देण्याचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये तो येतो. घेणाराही त्यात अडकतो, आणि या समाजातल्या माणसाला पोलीस ठाण्यात काय भोगावे लागते ते सांगायला नको. सभेत गर्दीसाठी पैसे देऊन तृतीयपंथींना नाचायला बोलावणे हाही अपमानच. ज्यांना टाळ्या वाजवायला बोलावले, त्यांच्या हातात माइक का दिला नाही?

कार्यकर्त्याला त्याच्याच गल्लीत पाठवणे

ज्याने घरी सांगितलेले नाही असा मुलगा स्वतःच्या प्रभागात इंद्रधनुषी बिल्ला लावून फिरू शकत नाही. त्याला दुसरा प्रभाग द्या, किंवा आतले काम: यादी जुळवणे, स्लिपा लिहिणे, फोन. कामाची वाटणी करताना विचारायचे तीनच प्रश्न आहेत. फोटो चालेल का? कुठल्या नावाने हाक मारायची? कुठल्या भागात जायचे नाही? उत्तरे एकाच व्यक्तीकडे राहावीत.

घरोघरी दोघादोघांनी जावे. संध्याकाळच्या अडीच तासांत एका जोडीची तीस-चाळीस घरे होतात, त्याहून जास्त आकडा कुणी सांगितला तर पत्रके दाराखाली सरकवली असे समजावे. ट्रान्स स्त्रियांना रात्री रस्त्यात पोलीस हटकतात, म्हणून उमेदवाराच्या किंवा निवडणूक प्रतिनिधीच्या सहीचे पत्र आणि ओळखपत्र खिशात हवेच. प्रचार कार्यालयात त्या वापरू शकतील असे स्वच्छतागृह आहे का, हे पहिल्या दिवशी पाहा. नसले तर चौथ्या दिवशी त्या यायच्या थांबतात आणि कारण कुणी सांगत नाही.

समलिंगी स्त्रिया बहुतेक मोहिमांत दिसतच नाहीत. बैठका रात्री आठला कॅफेत ठेवल्या तर दिसणारही नाहीत. शनिवारी दुपारी, महिला गटाच्या किंवा वाचनालयाच्या जागेत ठेवून पाहा.

पालिकेच्या हातात नसलेले वचन देणे

विवाहाचा हक्क नगरसेवक देऊ शकत नाही. तो मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला संसदेकडे सोपवला आहे. नगरसेवकाच्या आवाक्यात आहेत त्या गोष्टी मागा: सार्वजनिक स्वच्छतागृहे, पालिका रुग्णालयात सन्मानाने मिळणारा केसपेपर, रात्र निवारा, फेरीवाला परवाने, पालिकेच्या कंत्राटी कामांत रोजगार. प्रत्येक मागणीपुढे कुठला विभाग आणि कुठली जागा ते लिहा.

मतदानाच्या दिवशीच्या चुका

मुंबईत एका प्रभागात एकच नगरसेवक. इतर महापालिकांत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. तिथे अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी बटण दाबावे लागते, एखाद्या जागेला कुणीच नको असेल तर तिथे 'नोटा'. एक बटण दाबून माणूस बाहेर निघाला की प्रक्रिया अपुरी राहते. नवख्या मतदारांना कागदावर चार रकाने काढून दोनदा सराव करून दाखवा.

सगळ्या डेऱ्याला उमेदवाराच्या गाडीतून आणू नका, मतदारांची फुकट ने-आण चालत नाही. दोघे-तिघे मिळून, सकाळी अकराच्या आत जावे. केंद्रावर ओळखीवर हरकत आली तर आवाज चढवायचा नाही. ओळखपत्र, सोबत नावबदलाचा कागद किंवा ओळख प्रमाणपत्र दाखवून केंद्राध्यक्षांना निर्णय द्यायला सांगायचे. आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकले असेल तर प्रदत्त मत (अशा वेळी वेगळ्या मतपत्रिकेवर देता येणारे मत) मागायचे, परत फिरायचे नाही. शक्य असेल तिथे याच समाजातला मतदान प्रतिनिधी आत बसवा. निम्म्या हरकती तिथेच मिटतात.

उमेदवारच तृतीयपंथी असेल तर

मध्य प्रदेशातल्या कटनीच्या तृतीयपंथी महापौर कमला जान यांची निवड महिला राखीव जागेच्या मुद्द्यावरून रद्द झाली होती. महाराष्ट्रात चित्र बदलले आहे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत तृतीयपंथी उमेदवार अंजली यांचा अर्ज महिला जागेवरून फेटाळला गेला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांना महिला सर्वसाधारण जागेवरून लढण्याची मुभा दिली, आणि त्या निवडून आल्या. या निकालाची प्रत छाननीच्या दिवशी हातात ठेवा. त्याआधी अर्जातले नाव आणि मतदारयादीतले नाव अक्षर न अक्षर जुळते का ते पाहा. सूचकाचे नावही तपासा.

मतमोजणी झाली की आठवड्याच्या आत कागदी याद्या फाडून टाका, फोनमधल्या ब्रॉडकास्ट याद्या आणि तपशिलाचे तक्ते पुसून टाका. पुढेही संपर्कात राहू इच्छिणाऱ्यांना तसे एकेकाला विचारा, आणि ज्यांनी हो म्हटले तेवढीच नावे ठेवा.