ऑनलाइन पोकर कसा सुधारावा: डाव संपल्यावरचा अभ्यास

पोकर खेळणाऱ्या प्रत्येकाला आपला सगळ्यात मोठा हरलेला पॉट (डावात मध्ये जमलेल्या चिप्स) तोंडपाठ असतो. हातात एक्क्यांची जोडी, समोर राजांची जोडी, सगळ्या चिप्स मध्ये, आणि शेवटच्या पत्त्यावर तिसरा राजा. या डावातून शिकण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. एक्के राजांपुढे साधारण १८ टक्के वेळा हरतात, त्यातली एक वेळ तुमच्या वाट्याला आली, एवढंच. शिकायचं असतं त्या किरकोळ डावातून, ज्यात पन्नासेक चिप्स गेल्या आणि ‘मी कॉल (समोरच्याइतक्या चिप्स घालून डावात राहणं) का केला?’ याचं धड उत्तर देता येत नाही. असे डाव आपण विसरतो. या लेखातली सगळी खटपट ते डाव पकडण्यासाठी आणि त्यांना नीट प्रश्न विचारण्यासाठी आहे.

पायरी १: एकच प्रकार धरा

कॅश गेम, टुर्नामेंट, दोघांचा सामना, ओमाहा असं सगळं एकदम खेळत बसलात तर एकही खेळ पक्का होत नाही. निदान काही महिने एकच धरा. पुढची उदाहरणं सहा जणांच्या टेबलावरच्या नो-लिमिट होल्डेम कॅश गेमची आहेत: प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे पाच (पहिले तीन म्हणजे फ्लॉप, चौथा टर्न, पाचवा रिव्हर), आणि कितीही चिप्स लावायची मुभा. टुर्नामेंटमध्ये बक्षिसांच्या पायऱ्यांमुळे चिप्सची किंमत बदलत जाते. तिथलं गणित वेगळं, आणि त्यासाठीची सॉफ्टवेअरंही वेगळी.

दोन पत्ते १,३२६ प्रकारे येऊ शकतात. कुठलीही जोडी ६ प्रकारे, एका रंगाचे ठरावीक दोन पत्ते (म्हणजे राजा-राणी दोन्ही इस्पिक किंवा दोन्ही बदाम) ४ प्रकारे आणि वेगळ्या रंगांचे १२ प्रकारे. हे ६, ४, १२ पाठच करा, पुढे सतत लागतात. सुरुवातीला कुठल्या जागेवरून कोणते पत्ते खेळायचे याचा एक तक्ता ठरवून घ्या. सहा जणांत सगळ्यात आधी बोलायची (चाल करायची) पाळी असेल तर साधारण १५ ते १८ टक्के पत्ते पुरे. बटनवर (पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर) बसलात तर ४० टक्क्यांच्याही पुढे जाता येतं, कारण फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी तुम्ही शेवटी बोलता. तक्ता कोणाचा चांगला यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. कुठलाही शहाणा तक्ता घ्या आणि तो पाळा.

पायरी २: एवढं गणित डोक्यातच हवं

पॉटमध्ये १०० आहेत, समोरच्याने ५० लावले. तुम्ही ५० घालणार, तेव्हा एकूण होणार २००. म्हणजे चारातला एक वाटा तुमचा. त्यामुळे २५ टक्के वेळा जरी जिंकणार असाल तरी कॉल फुकट जात नाही. पॉटएवढी बेट आली तर हाच आकडा ३३ टक्के होतो.

जिंकण्याची शक्यता काढायची झटपट युक्ती अशी: तुम्हाला हवे असलेले पत्ते मोजा. दोन पत्ते उघडायचे बाकी असतील तर ४ ने गुणा, एकच असेल तर २ ने. फ्लशला (एकाच रंगाचे पाच पत्ते) एक पत्ता कमी असेल तर ९ पत्ते कामाचे. फ्लॉपवर ३६ टक्के (खरा आकडा ३५), टर्नवर १८ टक्के (खरा १९.६). इथे नवे लोक हमखास फसतात. ४ ने गुणलेला आकडा तेव्हाच खरा, जेव्हा रिव्हरपर्यंत आणखी पैसे घालावे लागणार नाहीत. टर्नवर पुन्हा बेट येणार असेल तर फ्लॉपवर ३६ टक्के धरणं म्हणजे स्वतःलाच गंडवणं.

पायरी ३: खेळताना फक्त खूण करा

सुरुवातीला टेबलं एक किंवा दोनच. आठ टेबलं उघडून खेळणारा माणूस विचार करत नाही, नुसता बटणं दाबतो. एखाद्या निर्णयाला अडखळलात की त्या डावावर खूण करून पुढे जा. बहुतेक ट्रॅकरमध्ये (डावांचा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तशी सोय असते, नाहीतर वहीत डावाचा क्रमांक लिहा. जिंकलात की हरलात ते लिहू नका. दुसऱ्या दिवशी तो डाव उघडाल तेव्हा निकाल आठवत नसेल तर फार बरं.

पायरी ४: ट्रॅकर बसवा, पण आलेखाकडे बघत बसू नका

पोकरट्रॅकर ४ आणि होल्डेम मॅनेजर ३ ही जुनी, मुरलेली सॉफ्टवेअरं. खेळलेल्या डावांच्या फायली वाचून ती सगळा हिशोब मांडतात. पहिला मोह होतो नफ्यातोट्याची रेष बघायचा. तिच्यावर फार विसंबू नका. समजा एखादा खेळाडू खरोखरच चांगला आहे आणि १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावण्याची त्याची कुवत आहे. (ब्लाइंड म्हणजे पत्ते येण्याआधी दोन जागांवरून सक्तीने लावायची रक्कम; स्मॉल ब्लाइंड बिग ब्लाइंडच्या निम्मा.) सहा जणांच्या टेबलावर चढउतार इतके असतात की १०,००० डाव खेळूनही दहापैकी जवळपास तीन वेळा तो तोट्यातच दिसेल. उलट, तितक्याच डावांत एखादा कच्चा खेळाडू स्वतःला उस्ताद समजू लागतो.

ट्रॅकरचा खरा उपयोग जागेनुसार हिशोब बघण्यात आहे. एक साधी चाचणी सांगतो. स्मॉल ब्लाइंडमध्ये दर वेळी पत्ते न बघता टाकून दिलेत तर १०० वेळांत बरोबर ५० बिग ब्लाइंड जातील. बिग ब्लाइंडमध्ये १००. तुमचा तोटा यापेक्षा कमी असायला हवा. मी पहिल्यांदा हे तपासलं तेव्हा स्मॉल ब्लाइंडमधला माझा तोटा ५० च्या वर होता. पत्ते झाकून झोपलो असतो तरी बरं झालं असतं! कारण शोधायला वेळ लागला नाही. ‘अर्धे पैसे आधीच आत आहेत’ म्हणून मी वाटेल त्या पत्त्यांवर कॉल करत होतो आणि फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी बोलत होतो.

टेबलावर प्रतिस्पर्ध्यांच्या नावाशेजारी दिसणाऱ्या आकड्यांच्या पट्टीला हड म्हणतात. त्यातले दोनच आकडे आधी शिका. व्हीपिप म्हणजे माणूस आपणहून किती टक्के डावांत पैसे घालतो, आणि पीएफआर म्हणजे फ्लॉपआधी किती टक्के डावांत रेझ करतो (बेट वाढवतो). २४ आणि १९ असं दिसलं तर माणूस अभ्यास केलेला आहे. ४५ आणि ८ दिसलं तर तो सगळंच बघायला येतो आणि क्वचितच मारतो. त्याला ब्लफ करू नका, चांगले पत्ते आले की मोठी बेट लावा, आणि तो स्वतः रेझ करायला लागला तर पत्ते टाका. शंभरेक डावांत या दोन आकड्यांचा अंदाज येतो. रिव्हरवरचे आकडे मात्र हजारो डावांशिवाय निरर्थक असतात, त्यांच्या भरवशावर निर्णय घेऊ नका.

पायरी ५: एक डाव उघडा आणि मोजा

माझ्या खुणा केलेल्या डावांतला एक. ब्लाइंड १-२, दोघांकडे २०० चिप्स. बटनवाल्याने ५ ला रेझ केलं. मी बिग ब्लाइंडमध्ये बदामची राणी आणि बदामचा गुलाम घेऊन कॉल केला. पॉट ११. फ्लॉपवर इस्पिक गुलाम, इस्पिक सत्ती, चौकट दुर्री. मी चेक (काही न लावता पाळी पुढे), त्याने ५ लावले, मी कॉल. पॉट २१. टर्नला किल्वर चौकी, त्याने १५ लावले, मी कॉल. पॉट ५१. रिव्हरला बदाम दुर्री. मी चेक केलं आणि त्याने पॉटएवढे, ५१ लावले.

मला ३३ टक्के हवेत. त्या वेळी ‘वाटलं म्हणून’ कॉल केला. दुसऱ्या दिवशी इक्विलॅब उघडलं. त्यात समोरच्याला कोणते पत्ते असू शकतील ते भरता येतात, जुळण्या ते मोजून देतं. हाताने मोजलंत तर जास्त मुरेल, म्हणून इथे हातानेच मोजू.

मला हरवणारे: एक्के ६, राजे ६, राण्या ३ (एक राणी माझ्याकडे आहे), एक्का-गुलाम ८, आणि दुर्रीच्या जोडीमुळे फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी) झालेले ७ (गुलाम १, सत्ती ३, चौकी ३). एकूण ३०. राजा-गुलाम एवढी मोठी बेट लावणार नाही असं धरलं, दुर्रीवाले किरकोळ पत्ते सोडून दिले. आता हुकलेले इस्पिक (हातात दोन्ही इस्पिक, पण फ्लश झाला नाही): एक्क्याबरोबरचे ८, राजाबरोबर राणी, दश्शी, नव्वी असे ३, राणीबरोबर २ आणि खालचे ५. एकूण १८. हे सगळे ब्लफ करत असतील तर ४८ पैकी १८, म्हणजे ३७.५ टक्के. कॉल बरोबर.

पण एक्क्याबरोबरचे इस्पिक हुकल्यावर बरेच जण चेक करतात, न जाणो एक्काच चालून जायचा. ते ८ वजा केले तर उरतात ४० पैकी १०, म्हणजे २५ टक्के. पत्ते टाकायला हवे होते.

आणखी एक गंमत बघा. माझी राणी बदामऐवजी इस्पिकची असती, तर त्याच्या हुकलेल्या इस्पिकांतले राणीवाले चारही निघून गेले असते. ४४ पैकी १४, म्हणजे ३२ टक्क्यांच्या आत. तेव्हा तो सगळे ब्लफ लावतो असं मानलं तरी कॉल तोट्याचा. तीच जोडी, तोच फ्लॉप, फक्त एका पत्त्याचा रंग वेगळा.

अशा एका डावाला अर्धा तास लागतो. आठवड्याला तीन डाव पुरेत.

पायरी ६: सॉल्व्हर, पण बेताने

संगणकाने पोकर सोडवण्याचा इतिहास फार जुना नाही. अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या प्रोग्रामने दोघांचा लिमिट होल्डेम (बेटचा आकार ठरलेला) व्यवहारात सोडवल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. २०१७ मध्ये कार्नेगी मेलनच्या लिब्राटसने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं, तेही नो-लिमिटमध्ये. २०१९ मध्ये प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावर तेच केलं. पायोसॉल्व्हर, जीटीओ विझार्ड वगैरे जे सॉल्व्हर तुमच्या-आमच्या हातात आहेत ते याच वळणाचं काम करतात: समोरचा काहीही करो, ज्याचा फायदा उठवता येणार नाही असा खेळ शोधून देतात.

सॉल्व्हर तुम्ही भरलेल्या पत्त्यांचं आणि बेटच्या आकारांचं उत्तर देतो. वरच्या डावात बटनवाल्याची रेंजच (त्याच्याकडे असू शकणारे सगळे पत्ते) चुकीची भरलीत तर उत्तर दशांश चिन्हापर्यंत नेमकं येईल आणि तरीही कुचकामी असेल. ‘राणी-गुलाम ६२ टक्के कॉल, ३८ टक्के फोल्ड (पत्ते टाकणं)’ असे आकडे पाठ करू नका. कारण शोधा. कुठले पत्ते तो नेहमी ठेवतो, कुठले नेहमी टाकतो, आणि सीमेवरचे पत्ते एकमेकांपासून कशाने वेगळे आहेत? मग नोडलॉक वापरून समोरच्याची चाल तुमच्या अंदाजाप्रमाणे बदला, समजा हुकलेल्या एक्क्यांना चेक करायला लावा, आणि उत्तर किती हलतं ते बघा. माझ्या मते सॉल्व्हरमधलं सगळ्यात उपयोगी बटण हेच.

हे सगळं खेळ बंद असताना. डाव चालू असताना सॉल्व्हरचा सल्ला घेणं साइट्सच्या नियमांत बसत नाही, सापडलात तर खातं बंद होतं. काही ठिकाणी, उदाहरणार्थ जीजीपोकरवर, बाहेरचा हडही चालत नाही. नियम आधी वाचा. पैसे लावून खेळण्याचा कायदा देशोदेशी वेगळा आहे, तोही बघून घ्या. वर सांगितलेला अभ्यास फुकटच्या चिप्सवर जसाच्या तसा करता येतो. पैसे लावणारच असाल तर कॅश गेमसाठी निदान ३० बाय-इन (एका वेळी टेबलावर घेऊन बसायची रक्कम) वेगळे काढा, आणि तेही गेले तरी घरखर्चाला हात लागणार नाही असेच.

पायरी ७: नोंदी

प्रतिस्पर्ध्याच्या नावावर टीप लिहायची सोय बहुतेक साइट्स देतात. ‘मूर्ख’, ‘नशीबवान’ असल्या टिपा पुढे काही कामाला येत नाहीत. काय पाहिलं तेवढंच लिहा. त्या बटनवाल्याबरोबर दोन आठवड्यांनी पुन्हा गाठ पडली. दुसऱ्या कुणाशी तो खेळत होता, मी पत्ते टाकून बघत होतो. त्याने फ्लॉप आणि टर्नवर बेट लावली, रिव्हरला चेक केलं आणि पत्ते दाखवले: इस्पिक एक्का, इस्पिक पंजी, हुकलेला फ्लश. मी टीप लिहिली, ‘हुकलेला एक्का रिव्हरला चेक करतो’, आणि राणी-गुलामाच्या त्या डावापुढे ‘फोल्ड’ असं लिहून टाकलं.