ऐकू कमी येत असेल तर नव्या फ्लॅटमध्ये उशाशी एक पॉइंट आधीच काढून घ्या

लातूर, नांदेड, संभाजीनगरात फ्लॅट बघताना पाणी आणि पार्किंग सगळेच विचारतात. घरात कुणाला ऐकू कमी येत असेल तर हेही बघा: रात्री श्रवणयंत्र काढून ठेवल्यावर धुराचा अलार्म त्यांना कळणार कसा? साध्या अलार्मचा आवाज साधारण ३००० हर्ट्झचा, म्हणजे उंच पट्टीचा, चिरका असतो. वयोमानानं आधी तोच ऐकू येईनासा होतो.

१. प्लास्टरच्या आधीच पलंगाच्या उशाशी प्लग पॉइंट काढून घ्या. नंतर भिंत फोडावी लागते.
२. ५२० हर्ट्झचा जाड आवाज, लखलखणारा दिवा आणि गादीखाली थरथरणारं पॅड असा धुराच्या अलार्मचा सेट घ्या. गाढ झोपेत नुसत्या दिव्याच्या भरवशावर राहू नका; जाड आवाज आणि पॅड दोन्ही हवंच.
३. धूर ओळखणारा डिटेक्टर झोपायच्या खोलीत, छताला, पंख्यापासून लांब. स्वयंपाकघरात नको, ठेच्याच्या मिरच्या भाजल्या की बोंबलेल आणि कुणीतरी वैतागून सेलच काढून ठेवेल.
४. श्रवणयंत्र काढून आडवं व्हा, दुसऱ्याला टेस्टचं बटण दाबायला सांगा.

लाईट जाणार हे धरूनच चाला: डिटेक्टर आणि पॅड, दोन्हींना बॅटरी असलेलंच मॉडेल घ्या.